सागाच्या पानावरची जाळी कोणाची?

दसऱ्याच्या आसपास नागपूरहून जबलपूरला रस्त्यानं निघालात, तर काही वर्षी एक गोष्ट डोळ्यांत भरते. मनसर, देवलापार मागे पडतं, खवासा ओलांडून आपण मध्य प्रदेशात शिरतो आणि दोन्ही बाजूंना सागाचं रान लागतं. पाऊस नुकताच उतरलेला असतो. शेतात धान उभं असतं, बाकीची झाडं हिरवीगार असतात. साग तेवढा जागोजागी करपल्यासारखा तपकिरी दिसतो. गाडीत लगेच चर्चा सुरू होते. कोणी म्हणतं वणवा लागला असेल, कोणी म्हणतं पाणी कमी पडलं, कोणी म्हणतं सागाची पानगळ सुरू झाली.

यातलं एकही कारण खरं नसतं. भर पावसाळ्यानंतर वणवा लागत नाही, पाणीही कमी नसतं आणि या भागात सागाची पानगळ हिवाळ्यात होते. गाडी बाजूला घेऊन एक पान हातात धरलं की उत्तर मिळतं. सुपाएवढं मोठं पान, पण त्यातला हिरवा भाग गेलेला. उरली आहे फक्त शिरांची बारीक जाळी. उजेडासमोर धरलं तर पलीकडचं दिसतं. हे काम एका लहानशा पतंगाच्या अळीचं. पतंग म्हणजे उडवायचा नव्हे, रात्री दिव्यावर येतो तो.

हा पतंग मध्य भारतात अगदी नेहमीचा आहे. तरीही त्याला ओळखणं सोपं नाही, कारण त्याच्यासारखे दिसणारे भाऊबंद त्याच दिवसांत, त्याच दिव्यावर येतात. आणि ओळख चुकली तर नुकसान फक्त वहीत होत नाही. ते शेतकऱ्याच्या खिशात होतं आणि जंगलातही होतं.

जबलपूरच का?

जबलपूर म्हटलं की आपल्याला भेडाघाटचे संगमरवरी खडक, धुवांधार धबधबा, मदनमहालचा किल्ला आणि ग्वारीघाटावरची नर्मदेची आरती आठवते. मराठी माणसाला या शहराशी जुनं नातंही आहे. १७९८ पासून १८१७ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. पुढे इंग्रजांच्या मध्य प्रांतात जबलपूर आणि नागपूर एकाच कारभाराखाली होते.

पण या शहराची आणखी एक ओळख आहे, ती पर्यटकांच्या यादीत नसते. झाडं आणि किडे यांच्या अभ्यासाचं हे मोठं ठिकाण आहे. मंडला रस्त्यावर गौर नदीच्या काठी उष्णकटिबंधीय वन अनुसंधान संस्थान आहे, ते १९८८ मध्ये सुरू झालं. पोलीपाथर भागात मध्य प्रदेशचं राज्य वन अनुसंधान संस्थान आहे. जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठ १९६४ पासून इथेच आहे. आणि विजयनगर भागात भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं मध्य विभागीय केंद्र आहे. हे केंद्र १९६० चं. त्याचं पुण्याचं भावंड, म्हणजे पश्चिम विभागीय केंद्र, त्याच्या एक वर्ष आधीचं.

याला कारण भूगोल आहे. जबलपूरच्या एका बाजूला सागाची जंगलं आहेत, मंडल्याकडे सालाची आहेत आणि मधल्या सपाटीवर धानाची शेती आहे. साग, साल आणि धान या तिन्हींवर जगणारे किडे एका दिवसाच्या प्रवासात भेटतात. संध्याकाळी शहराच्या कडेला एखाद्या भिंतीवर दिवा लावला तर जंगलातले आणि शेतातले पतंग शेजारी शेजारी येऊन बसतात. गोंधळही तिथूनच सुरू होतो.

आधी पान पाहा

पतंग ओळखायचा तर सुरुवात पतंगापासून करू नये. आधी पान पाहावं. सागाची पानं खाणारे दोन पतंग मुख्य आहेत आणि त्यांच्या अळ्यांची जेवणाची पद्धत वेगळी आहे.

पहिल्याचं शास्त्रीय नाव हिब्लिया प्युएरा. याची अळी पान खाते म्हणजे खरोखर खाते. हिरवा भागही जातो आणि बारीक शिराही जातात. शेवटी मधली जाड शीर आणि तिच्या मोठ्या फांद्या तेवढ्या उरतात. अळी लहान असताना पानाच्या कडेचा छोटा तुकडा कापते, दुमडून स्वतःवर पांघरूण घेते आणि आतून खाते. तिला कोवळी पानं लागतात. म्हणून मध्य भारतात ती पावसाळ्याच्या सुरुवातीला येते, साग नवी पालवी फोडतो तेव्हा. कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतो, तेच हे दिवस.

दुसरा आपला रस्त्यावरचा ओळखीचा, जाळी करणारा. त्याचं नाव पॅलिगा मॅकेरॅलिस. याची अळी शिरांना हात लावत नाही. पानावर रेशमी धाग्यांचं विरळ आच्छादन करून ती त्याखाली बसते आणि दोन शिरांमधला मऊ हिरवा भाग खरवडून खाते. पान झाडावरच राहतं, फक्त वाळून कागदासारखं होतं. तिला जून, निबर पानं चालतात. म्हणून तिचा जोर पावसाळ्याच्या शेवटी आणि नंतर असतो, ऑगस्ट-सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत.

म्हणजे पतंग न पाहताही अर्धी ओळख होते. जून-जुलैत सागाची पानं नुसत्या काड्यांसारखी दिसली तर पहिला संशय हिब्लियावर. ऑक्टोबरात पानं जाळीदार आणि तपकिरी दिसली तर पॅलिगा. काही महिने दोघांचे दिवस एकमेकांत मिसळतात, तेव्हा मात्र पान हातात घेऊन शिरा पाहाव्या लागतात. बारीक शिरा शाबूत असतील तर जाळीवाला.

दिव्यावरचे तीन पिवळे

आता पतंगाकडे येऊ. जबलपुरात किंवा आसपासच्या एखाद्या विश्रामगृहात ऑक्टोबरात मुक्काम असेल, तर व्हरांड्यातला पांढरा दिवा लावून ठेवा. अर्ध्या तासात भिंतीवर बरीच गर्दी होते. त्यात नखाएवढे, पिवळसर, पंख पसरून किंवा मिटून बसलेले पतंग खूप असतात. पाहणारा म्हणतो, सगळे एकच. पण त्यांत निदान तीन जण वेगळे असतात आणि तिघेही क्रॅम्बिडी या एकाच कुळातले. सख्खे नव्हेत, चुलत म्हणा.

पहिला, सागाचा जाळीवाला. पंख पसरले तर दोन-अडीच सेंटीमीटर, साधारण रुपयाच्या नाण्याहून थोडा रुंद. पुढचे पंख फिकट पिवळे आणि त्यांवर तांबूस किंवा गुलाबी छटेच्या नागमोडी रेषा. मागचे पंख आणखी फिकट. बसतो तेव्हा पंख आडवे पसरून त्रिकोण करतो. दिवसा तो सागाच्या पानाच्या खालच्या बाजूला दडतो आणि झाड हलवलं की थोडंसं उडून पुन्हा दुसऱ्या पानाखाली जातो.

दुसरा, धानाची पानं गुंडाळणाऱ्या अळीचा पतंग. शास्त्रीय नाव नॅफॅलोक्रोसिस मेडिनॅलिस. हा पहिल्यापेक्षा लहान, दीड ते दोन सेंटीमीटरचा. रंग वाळल्या गवतासारखा पिवळा. तोही त्रिकोण करूनच बसतो, म्हणून फसगत होते. पण त्याच्या पुढच्या पंखावर दोन पूर्ण काळसर रेषा असतात, त्या दोघींच्या मध्ये एक आखूड, अर्ध्यावर थांबलेली रेषा असते आणि पंखाच्या बाहेरच्या कडेला रुंद काळसर पट्टा असतो. ती अर्धी रेषा आणि कडेचा पट्टा दिसला की हा धानावरचा. तांबूस-गुलाबी छटा याच्याकडे नसते.

तिसरा, धानाच्या पिवळ्या खोडकिड्याचा पतंग, स्किर्पोफॅगा इन्सर्ट्युलास. याची मादी सर्वांत सोपी. पुढचे पंख स्वच्छ पिवळे आणि प्रत्येकावर मधोमध एकच काळा ठिपका, जणू कोणी पेनानं टेकवलेला. ती पंख पसरत नाही, घराच्या उतरत्या छपरासारखे मिटून बसते. शरीराच्या टोकाला पिवळ्या केसांचा झुपका असतो. अंडी घातल्यावर ती त्यांवर हेच केस पसरते. नर मात्र लहान, फिकट तपकिरी आणि अंधूक ठिपक्यांचा, म्हणून तो दुसराच कोणी वाटतो.

तर लक्षात ठेवायला सोपं असं: तांबूस नागमोडी रेषा म्हणजे साग, अर्धी रेषा आणि काळी कड म्हणजे धानाचं पान, एक काळा ठिपका म्हणजे धानाचं खोड.

घरातल्या मुलांना हा खेळ फार आवडतो. एकानं रेषा मोजायच्या, दुसऱ्यानं ठिपके पाहायचे, तिसऱ्यानं पंख आडवे आहेत की मिटलेले ते सांगायचं. पाचव्या-सहाव्या पतंगापर्यंत मुलं मोठ्यांच्या पुढे जातात.

तपकिरी पंखाखालचा नारिंगी रंग

हिब्लियाची गोष्ट उलटी आहे. तो बसलेला असताना वाळल्या पानाच्या तुकड्यासारखा असतो. पुढचे पंख तपकिरी, नजर ठरणार नाही असे. तो उडाला किंवा पंख सैल केले की मागच्या काळ्या पंखांवरचे नारिंगी-पिवळे पट्टे एकदम दिसतात. पंखांचा विस्तार तीन ते चार सेंटीमीटर. ओळखायचं ते या मागच्या पंखांवरून.

पण तपकिरी पुढचा पंख आणि नारिंगी-काळा मागचा पंख ही जोडी आणखी एकाकडे असते, आणि तो नागपूरच्या संत्रा बागायतदारांना चांगलाच ठाऊक आहे. फळातला रस शोषणारा पतंग, युडोसिमा. फरक आकाराचा आहे. युडोसिमा हिब्लियाच्या दुप्पट-अडीचपट, तळहात भरेल एवढा. त्याच्या नारिंगी मागच्या पंखावर काळा ठिपका किंवा स्वल्पविरामासारखी वळलेली खूण असते. आणखी एक फरक त्याच्या वागण्यात आहे. बहुतेक पतंगांत नुकसान अळी करते, पतंग फुलांतला मध पितो किंवा काहीच खात नाही. युडोसिमात पतंग स्वतःच सोंडेनं संत्र्याची आणि मोसंबीची साल भोसकतो. त्याची अळी बागेत नसतेच, ती कुंपणावरच्या गुळवेलीवर वाढते. म्हणून नुसतं ‘नारिंगी पंखाचा पतंग आला’ असं म्हणून भागत नाही. कोणता आला, यावर पाहायची जागा बदलते: सागाची फांदी, की बागेचं कुंपण.

हिब्लिया आपल्या मुंबईकरांच्याही ओळखीचा आहे, त्यांना ते माहीत नसतं एवढंच. त्याची अळी सागाखेरीज इतर काही झाडांवर जगते आणि त्यांत खाडीकाठची तिवरं आहेत. पावसाळा संपत आला की मुंबई-ठाण्याच्या खाडीकाठी काही वर्षी तिवरांचे पट्टे अचानक उघडे पडतात. लोकांना वाटतं, कोणीतरी विष टाकलं किंवा भराव घालण्यासाठी झाडं मारली. तशी प्रकरणं घडतात, त्यामुळे शंका घेणं योग्यच. पण बऱ्याचदा जवळ जाऊन पाहिलं तर फांद्यांना धाग्यांवर लोंबणाऱ्या अळ्या दिसतात आणि काही आठवड्यांत तिवरांना पुन्हा पालवी फुटते. अशा वेळी खाडीत औषध फवारलं तर मासे, खेकडे, कालवं यांनाच त्रास. ओळख इथे खाडी वाचवते.

ओळख चुकली तर काय बिघडतं?

सागाचं लाकूड महाग. लागवड केलेल्या माणसाला झाड तपकिरी झालं की धास्ती वाटणं साहजिक आहे. पहिला विचार फवारणीचा येतो. इथेच दोन पतंगांतला फरक पैशांत मोजता येतो.

केरळात निलंबूरच्या सागाच्या कोवळ्या लागवडीत केरळ वन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी काही वर्षं मोजमाप केलं. त्याचे निष्कर्ष १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. अळ्यांपासून वाचवलेली झाडं आणि न वाचवलेली झाडं यांची वाढ त्यांनी शेजारी शेजारी ठेवून तपासली. हिब्लियामुळे लाकडाच्या अपेक्षित वाढीपैकी ४४ टक्के वाढ बुडाली होती. जाळी करणाऱ्या पतंगामुळे मात्र वाढीत लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही.

याचं कारण समजायला सोपं आहे. हिब्लिया येतो तेव्हा झाड वाढीच्या भरात असतं. त्याची सगळी कोवळी पानं गेली की त्याला साठवलेल्या अन्नातून पुन्हा पालवी काढावी लागते, आणि वाढ थांबते. जाळीवाला येतो तेव्हा वर्षाचं काम बहुतेक उरकलेलं असतं. पान आणखी काही आठवड्यांनी गळणारच असतं. मध्य भारतात जाळीवाल्याचा जोर केरळपेक्षा जास्त असतो आणि रोपवाटिकेतल्या रोपांना किंवा पहिल्या एक-दोन वर्षांच्या झाडांना त्याच्यापासून सांभाळावं लागतं. पण रस्त्याकडेचं उंच सागवन ऑक्टोबरात तपकिरी दिसलं, म्हणून ते मेलं असं नाही. पुढच्या पावसात ते पुन्हा हिरवं होतं.

गंमत अशी की डोळ्यांना जास्त भयानक दिसतो तो जाळीवाला. वाळकी पानं झाडावरच राहतात, लांबून आख्खा डोंगर जळाल्यासारखा वाटतो. हिब्लियानंतर मात्र तीन-चार आठवड्यांत नवी पानं येतात आणि उन्हाळ्यात मुक्कामाला आलेल्या मालकाला काही झालं होतं हे कळतही नाही. लाकडाचं खरं नुकसान त्या न दिसलेल्या जुलैत झालेलं असतं.

उपायही नावावर ठरतात. केरळच्याच शास्त्रज्ञांना हिब्लियाच्या अळ्यांना मारणारा एक नैसर्गिक विषाणू सापडला. तो पाण्यात मिसळून पानांवर फवारला की अळी आजारी पडते, तिचं शरीर आतून पातळ होतं आणि ती पानालाच लोंबते. तो खास हिब्लियाचा आजार आहे. म्हणून माणूस, गुरं, पक्षी, मधमाशा यांना त्याचा धोका नाही. पण त्याच कारणानं जाळीवाल्यासमोर त्याच्या भरवशावर राहता येत नाही. ओळख चुकवून वापरला तर पाणी फवारल्यासारखंच.

दुसरा उपाय ट्रायकोग्रामा नावाच्या गांधीलमाशीचा. गांधीलमाशी म्हटलं तरी ती एक मिलिमीटरपेक्षाही लहान असते आणि माणसाला डंख मारत नाही. ती पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते. त्यातून अळीऐवजी नवी गांधीलमाशी बाहेर पडते. अशी अंडी चिकटवलेले कागद, म्हणजे ट्रायकोकार्ड, आपल्याकडचे शेतकरी वापरतात. पण ट्रायकोग्रामाच्याही जाती आहेत. धानाच्या खोडकिड्यासाठी जपोनिकम ही जात सोडतात, पानं गुंडाळणाऱ्या अळीसाठी चिलोनिस, आणि सागाच्या पतंगांसाठी राओई ही जात जबलपूरच्या वन संस्थेनं वापरून पाहिली आहे. भिंतीवरच्या तीन पिवळ्यांतला कोण, हे कळल्याशिवाय कोणतं कार्ड आणायचं ते ठरत नाही.

कामगंध सापळ्याचंही तसंच. खोडकिड्याच्या सापळ्यातली गोळी त्याच्या मादीच्या वासाची असते. तिला फक्त त्याच जातीचे नर फसतात. धानाची पानं गुंडाळली जात असताना खोडकिड्याची गोळी टांगली, तर सापळा रिकामा राहतो आणि शेतकरी समजतो की शेतात कीड नाही. खोडकिड्याचं लक्षण वेगळं असतं: आधी रोपाचा मधला पोंगा सुकतो आणि ओढला तर अलगद हातात येतो, नंतर लोंबी पांढरी, दाणे न भरलेली निघते. पान गुंडाळलेलं असेल आणि उलगडल्यावर आत पांढरे ओरखडे दिसले, तर ती दुसरीच अळी.

नुसते पंख पाहून भागत नाही तेव्हा

आता एक अवघड भाग. पॅलिगा मॅकेरॅलिसचा एक अगदी जवळचा भाऊ आहे, पॅलिगा डमास्टेसॅलिस. दोघांना नावं दिली ती फ्रान्सिस वॉकर या इंग्रज कीटकशास्त्रज्ञानं, एकोणिसाव्या शतकात. दोघेही सागाच्या पानाची जाळी करतात. दोघेही पिवळे, दोघांवरही नागमोडी रेषा. पंख पाहून खात्रीनं सांगणं तज्ज्ञांनाही कठीण जातं.

मलेशियात सागाच्या पानांची जाळी दिसली तेव्हा तिथल्या लोकांनी भारतातल्या पुस्तकांतलं नाव उचललं, मॅकेरॅलिस. भारतातल्या जंगल-किड्यांवरचं मोठं काम आधीच झालेलं होतं, त्यामुळे तसं होणं स्वाभाविक होतं. १९९८ मध्ये नमुने नीट तपासले गेले आणि कळलं की तिथला पतंग डमास्टेसॅलिस आहे. म्हणजे एका देशातली माहिती दुसऱ्याच जातीवर लावली जात होती.

अशा जुळ्यांचा निकाल नराच्या शरीराच्या टोकाशी असलेल्या जननेंद्रियांवरून लागतो. मेलेल्या पतंगाचा तो भाग औषधात मऊ करून, काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. प्रत्येक जातीत त्याचा घाट वेगळा असतो, कुलपाला एकच किल्ली बसते तसा. प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रांत टाचणीला लावलेले पतंग पेट्यांत जपून ठेवतात ते यासाठी. प्रत्येक टाचणीखाली चिमुकली चिठ्ठी असते: कुठे मिळाला, कोणत्या तारखेला, कोणाला. पुढे कोणालाही शंका आली की तोच पतंग पुन्हा तपासता येतो. चिठ्ठी नसलेला पतंग कितीही सुंदर असला तरी अभ्यासाला जवळपास निरुपयोगी.

या पतंगाच्या नावाचा प्रवासही लांबचा आहे. जुन्या पुस्तकांत तो पायरॉस्टा किंवा हॅपेलिया या नावाखाली सापडतो, नंतर युटेक्टोना झाला, आता पॅलिगा. पतंग तोच, अभ्यास पुढे गेला तशी आडनावं बदलली. म्हणून जुनं पुस्तक आणि नवं पुस्तक यांत वेगळं नाव दिसलं तर घाबरू नये. आडनावापुढचं मॅकेरॅलिस हे नाव तेच आहे का, ते पाहावं. त्याच्या स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडेतिकडे असू शकतं.

तुम्ही गेलात तर

पतंग पाहायला फार काही लागत नाही. पांढरी चादर किंवा चुन्याची भिंत, एक पांढरा दिवा आणि मोबाइल. जंगलातल्या राखीव भागात रात्री थांबायला परवानगी नसते, आणि त्याची गरजही नाही. सागाच्या रानाजवळच्या गावातलं अंगण किंवा मुक्कामाच्या घराची गच्ची पुरते.

रात्र मात्र निवडा. शरद पौर्णिमेला भेडाघाटला नर्मदा महोत्सव असतो आणि चांदण्यातले संगमरवरी खडक पाहायला त्यासारखी रात्र नाही. पतंगांसाठी ती बरी नाही, लख्ख चांदण्यात दिव्यावर गर्दी कमी होते. त्यानंतर पंधरा दिवसांनी, दिवाळीच्या अमावस्येच्या आसपास, दिव्यावर झुंबड असते. धानाच्या पट्ट्यात तेव्हा हिरवे तुडतुडेही असंख्य येतात, त्यामुळे जेवणाची ताटं दिव्यापासून लांब ठेवा.

फोटो काढताना चार गोष्टी सांभाळा. एक, पतंगाच्या अगदी वरून काढा, तिरका नको. रेषा मोजता आल्या पाहिजेत. दोन, शेजारी भिंतीवर मोजपट्टी किंवा रुपयाचं नाणं धरून आणखी एक काढा, म्हणजे आकार कळतो. तीन, पतंगाला चिमटीत धरू नका; त्याच्या पंखांवरची भुकटी म्हणजे बारीक खवले असतात आणि खुणा त्यांच्याच बनलेल्या असतात. चार, दुसऱ्या दिवशी सकाळी आसपासच्या सागाच्या पानाचा फोटोही काढा. पानाशिवाय पतंगाची गोष्ट अर्धी राहते. तासाभरानं दिवा बंद करायला विसरू नका, नाहीतर पाली आणि पहाटेचे पक्षी भिंत साफ करतात.

जुलैत जाणं जमलं तर हिब्लियाची वेळ साधता येईल. जुलैच्या शेवटच्या पूर्ण आठवड्यात २०१२ पासून जगभर पतंग सप्ताह साजरा होतो, भारतातही जागोजागी लोक दिवे लावून पतंग नोंदवतात. मुलांसाठी तो चांगला मुहूर्त आहे.

आणि पतंग ओळखताच आला नाही तर? तरीही फोटोखाली तारीख, गाव आणि झाड लिहून ठेवा. नाव चुकीचं लिहिण्यापेक्षा ‘सागाच्या पानाखाली, बरेला, १९ ऑक्टोबर, पंखांवर तांबूस रेषा’ एवढं लिहिणं केव्हाही बरं. ओळखणारा माणूस उद्या भेटेल, वर्षानं भेटेल. त्याला नाव सांगायला या तीन-चार गोष्टीच लागतात.